कव्हर फाटलेला वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स जमवणारा माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कितव्या नंबरपर्यंत आहेत?" मी म्हणतो, नंबराचं नाही सांगता येणार, गोविंदची तेवीस आहेत. की समोरचा गार! त्याच्या दृष्टीने हा प्रकार म्हणजे नाणी जमवणाऱ्याने फक्त छाप्याची बाजू बघण्यासारखा. पण आमच्यात ही एक पोटजात आहे खरी. कथा लहानपणीच वाचून झालेल्या असतात. आम्हाला हवं असतं वरचं चित्र, आणि तेही एकाच माणसाचं.

तर मंडळी, आज त्या माणसाबद्दल आणि त्याच्या चित्रांचं पुढे काय झालं त्याबद्दल. नाव गोविंद ब्राह्मणिया. जुन्या अंकांचे शौकीन त्यांना ‘बी. गोविंद’ म्हणून ओळखतात.

ज्यांचा जन्म १९९० नंतरचा आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी (बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल). इंद्रजाल कॉमिक्स ‘टाइम्स ऑफ इंडिया’वाल्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलं. किंमत ६० पैसे. पहिला अंक फँटमचा, म्हणजे आपल्या वेताळाचा. पहिले ३२ अंक नुसता वेताळच होता, मग मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा कितीतरी भाषांत ते निघायचं. १९९० मध्ये बंद पडलं तोवर ८०० च्या वर अंक निघाले होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वेताळाचे. सुरुवातीच्या काळात या कामात अनंत पै होते. हो, तेच. १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा काढली.

आता मुद्द्याचं. वेताळ हे मुळात कॉमिक बुक नव्हतंच. ली फॉकने १९३६ मध्ये ते वर्तमानपत्रातली चित्रपट्टी म्हणून सुरू केलं. रोज तीन-चार चौकटी, रविवारी रंगीत आणि जरा मोठी. रोजच्या पट्टीला मुखपृष्ठ कुठून असणार? न्यूयॉर्कहून किंग फीचर्स ज्या कथा विकायचं त्यात चौकटी होत्या, संवाद होते, कव्हर नव्हतं. त्यामुळे ज्या ज्या देशात कुणी या पट्ट्या कापून, जोडून पुस्तक काढायला गेलं, तिथे तिथे त्याला स्वतःचा कव्हरवाला शोधावा लागला. स्वीडनमध्ये १९५० पासून ‘फँटोमेन’ निघतं, त्याची कव्हरं अनेक दशकं रोल्फ गोज नावाच्या चित्रकाराने केली. खुद्द अमेरिकेत गोल्ड की कंपनीने १९६२ मध्ये फँटमचं पुस्तक काढलं तेव्हा जॉर्ज विल्सनला कव्हरं रंगवायला बसवलं, आणि आज तिकडचे संग्राहक विल्सनच्या नावाने ते अंक शोधतात. प्रत्येकाने आपापला वेताळ रंगवला. शब्दशः! स्वीडनमध्ये त्याचा पोशाख निळा, इटलीत चक्क लाल. आपल्याकडे सुरुवातीला निळा होता, नंतर जांभळा झाला.

मुंबईत हे काम गोविंद यांच्याकडे आलं. पहिल्या ५० च्या आसपास अंकांची कव्हरं त्यांची. म्हणजे आपण ज्याला ‘परदेशी कॉमिक’ म्हणत होतो, त्यात अगदी सुरुवातीपासून एक पान असं होतं जे इथेच, या शहरात जन्माला आलं होतं, आणि ते सगळ्यात वरचं पान होतं.

आत काय होतं ते बघितलं म्हणजे या पानाची किंमत कळते. सुरुवातीच्या अंकांतल्या कथा विल्सन मॅकॉयच्या काळातल्या. मॅकॉयची रेषा साधी, स्वच्छ, काहीशी लाकडी. त्याचा वेताळ पळतानासुद्धा फोटोसाठी उभा राहिल्यासारखा दिसतो. (मॅकॉयप्रेमींनी रागावू नये. त्याच्या साधेपणात मजा आहे, पण ती मोठेपणी कळते.) आणि वर गोविंदचं कव्हर: पूर्ण रंगवलेलं, अंगावर प्रकाश पडलेला, मागे जंगल दाटलेलं, पांढरा घोडा उधळलेला. दहा वर्षांचा मुलगा कव्हर बघून अंक घ्यायचा, आत वेगळाच वेताळ निघायचा, आणि तरी त्याचं काही बिघडायचं नाही. तो आतल्या चौकटी कव्हरवरच्या माणसाच्या अंगाने वाचायचा. इंटरफेस एकाचा, इम्प्लिमेंटेशन दुसऱ्याचं, आणि युजर खूश. असो.

आणखी एक गंमत. ली फॉकने वेताळाचं जंगल सुरुवातीला ‘बेंगाली’ नावाच्या प्रदेशात ठेवलं होतं. त्याचे हाडवैरी ‘सिंग’ चाचे, आणि त्याच्या बापाचा खुनी चक्क ‘रामा’ नावाचा! भारतात हे असंच्या असं छापणं कुणाला परवडलं असतं? म्हणून इंद्रजालने बेंगालीचं ‘डेंकाली’ केलं, सिंगचं ‘सिंगा’ आणि रामाचं ‘रामालू’. म्हणजे बघा, आतल्या पानांतून भारताच्या खाणाखुणा एकेक करून पुसल्या जात होत्या, आणि कव्हर मात्र भारतीय हाताने काढलेलं होतं.

ही कव्हरं अशी ठसठशीत का, याचं उत्तर मला कल्याण स्टेशनवर सापडतं. (हे माझं मत, कुठे छापलेलं नाही.) कॉमिक विकलं जायचं कुठे? रद्दीवाल्याकडे नंतर. आधी प्लॅटफॉर्मवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर. कल्याणला लाइन फुटते, एक कसाऱ्याकडे, दुसरी कर्जतकडे. मे महिन्यात गावाला निघालेली कुटुंबं ट्रंका, वळकट्या आणि पोरं घेऊन तिथे गाडीची वाट बघत बसायची. पोरगं रडायला लागलं की बाप स्टॉलकडे बघायचा. तिथे अंक दोरीला चिमट्याने लटकवलेले. पंधरा फुटांवरून, गर्दीतून, गाडी सुटायला चार मिनिटं असताना जे चित्र दिसेल तेच विकलं जाणार. बारीकसारीक तपशिलाला तिथे वाव नाही. एक मोठी आकृती, एक धोका, एक तापलेला रंग, बस. गोविंदच्या कव्हरांत हे गणित पक्कं बसलेलं दिसतं. एक वेताळ, एक कुणीतरी त्याच्यावर झेपावतंय, आणि त्यांच्यामधली ती वीतभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतच अख्खी गोष्ट असते. पुढे काय होणार ते कळायला ६० पैसे मोजा!

आता दुःखाची बाजू. कॉमिकच्या कुठल्याही अंकात सगळ्यात आधी काय जातं? कव्हर. आणि इंद्रजालच्या बाबतीत ते जायला कारणंही भरपूर होती.

पहिलं कारण खुद्द प्रकाशकांनीच करून ठेवलं होतं. सुरुवातीच्या अंकांच्या मागच्या पानावर मोठं चित्र असायचं, भिंतीवर लावायला. मुलांनी ते इमानदारीत कापून भिंतीला चिकटवलं. पण कॉमिकचं कव्हर म्हणजे मध्ये दुमडलेला एकच कागद, दोन पिनांवर बसवलेला. मागचा अर्धा गेला की पुढच्या अर्ध्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. आठवड्याभरात गोविंद गळून पडायचा. ज्यांचं पोस्टर भिंतीवर होतं त्यांच्याकडे मुखपृष्ठ उरलं नाही. हे मला एका रद्दीवाल्याने समजावून सांगितलं. पिना शाबूत, मधली पानं शाबूत, आणि कव्हर नाही असे अंक एवढे का निघतात, ते त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

दुसरं कारण आमच्या लायब्रऱ्या. ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीत सुट्टी लागली की गल्लोगल्ली लायब्रऱ्या उगवायच्या. जिन्याखाली एक फळी, एक खुर्ची, आणि खुर्चीत कॉलेजात जाणारा कुणीतरी दादा. दिवसाला चार आणे. एकेक अंक सुटा दिला तर परत यायचा नाही किंवा चिंध्या होऊन यायचा. म्हणून दादा लोक पाच-पाच अंक एकावर एक ठेवून दाभणाने भोकं पाडायचे, सुतळीने शिवायचे आणि वर-खाली पुठ्ठा चिकटवायचे. त्यात पहिल्या अंकाचं पुढचं कव्हर आणि शेवटच्या अंकाचं मागचं पान पुठ्ठ्याखाली खळीत कायमचं गाडलं जायचं. पण मधल्या अंकांचं काय? ती कव्हरं आत अंधारात राहिली. ऊन नाही, हाताळणी कमी. डाव्या कडेला भोकं पडली हे खरं, पण रंग टवटवीत. म्हणून असा शिवलेला गठ्ठा दिसला की मी पहिला अंक बघतच नाही. थेट दुसरा उघडतो. माझ्या तेवीसपैकी नऊ अशीच मिळालीत.

तिसरं कारण जरा गंभीर आहे. कव्हर टिकवायचं असतं हे आपल्या डोक्यातच नव्हतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे इंद्रजालचा पहिला अंक आला तेव्हा त्याची शंभरी भरली होती. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. जुनी मराठी पुस्तकं आपल्याला बघायला मिळतात ती अशाच संस्थांमुळे. पण सगळीकडचे बाइंडर मासिकांच्या वर्षभराच्या फायली बांधताना एक गोष्ट सर्रास करत आले: कव्हरं आणि जाहिराती काढून टाकायचे. जाडी कमी होते ना! जिथे भारदस्त मासिकांच्या मुखपृष्ठांची ही कथा, तिथे कॉमिकला कोण विचारतो? ते धड पुस्तक नाही, धड मासिक नाही. पोरांचं काहीतरी.

आणि तरीही मुखपृष्ठकाराला मान देणं मराठी घराला नवीन नव्हतं, हे विसरू नका. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला, आणि पुढे कितीतरी घरांत तो अंक आधी त्यांच्या मुखपृष्ठासाठी हातात घेतला जायचा. रघुवीर मुळगांवकर तर दोन्हीकडे. देवादिकांची कॅलेंडरं त्यांची, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची ती घाबरलेली सुंदर बाई आणि मागचा काळा बुरखाही त्यांचाच. दोघेही गोव्याचे, दोघांचीही नावं आजी-आजोबांना पाठ. मग गोविंद का नाही? मला वाटतं, फरक मालकीचा आहे. दलालांचा अंक दलालांचा होता, मुळगांवकरांनीही ‘रत्नप्रभा’सारखा स्वतःचा अंक चालवला. गोविंद दुसऱ्याच्या अंकासाठी, तिसऱ्याच्या पात्राचं चित्र काढत होते. वाचकाच्या लेखी वेताळ ली फॉकचा, अंक टाइम्सचा. कोपऱ्यातल्या सहीकडे बघायला लहान मुलाला वेळ कुठे?

अमर चित्र कथेशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. तिथे राम वाईरकरांचा ‘कृष्ण’ किंवा पुण्याच्या प्रताप मुळीकांची चित्रं घ्या. नाव छापलेलं, आणि मुख्य म्हणजे अंक पुन्हा पुन्हा छापलेला. तुमच्या भाच्याच्या दप्तरातही तो मिळेल. ते जमवणाऱ्याचा प्रश्न ‘मिळेल का’ हा नसतो, ‘कितवी आवृत्ती’ हा असतो. (मुळीकांचा विषय निघालाच आहे तर: ऐंशीच्या दशकात दिल्लीहून राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला, त्याची सुरुवातीच्या काळातली बरीच चित्रं याच पुणेकराची. डोंबिवलीतल्या हिंदी अंक वाचणाऱ्या निम्म्या पोरांना याचा पत्ता नव्हता.) इंद्रजालचं तसं नाही. एकदा छापलं, विकलं, संपलं. पुढे वेताळाचे हक्क डायमंड कॉमिक्सकडे गेले तेव्हा त्यांनी स्वतःची नवी कव्हरं केली, जे स्वाभाविकच होतं. म्हणून गोविंदचं १९६४ चं चित्र बघायचं तर त्या वेळी छापलेलाच कागद हाती लागायला हवा.

इथे मराठी अंकांची एक वेगळीच भानगड आहे. इंग्रजी अंकांच्या याद्या चाहत्यांनी खपून बनवल्यात, नंबर, साल, कथेचं मूळ नाव, सगळं. पण मराठी अंक हातात आला आणि पहिली दोन पानं गायब असली, तर तो यादीत शोधायचा कसा? मराठी नाव हे इंग्रजी नावाचं भाषांतर असेलच असं नाही. ऐंशीच्या दशकात तर क्रमांक देण्याची पद्धतही बदलली, सलग नंबर जाऊन ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ आलं. एकच गोष्ट सगळीकडे सारखी असते, ती म्हणजे चित्र. बहुतेक वेळा सर्व भाषांना कव्हर तेच, नुसतं अक्षर बदलायचं. म्हणजे डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर कव्हर हीच प्रायमरी की! आणि नेमकी तीच कॉलम आपण पोस्टरसाठी कापली, खळीने चिकटवली, बाइंडरकडून काढून घेतली. आज एखादा मराठी अंक कव्हराशिवाय मिळाला तर तो कुठला हे ठरवायला मला दोन-दोन रविवार लागतात. आतल्या चौकटी इंग्रजी स्कॅनशी पडताळत बसायचं.

स्कॅनवरून आठवलं. ज्यांनी रात्री जागून जुने अंक स्कॅन केले त्यांचे उपकार आहेतच. पण हल्ली ‘रिस्टोर’ करण्याची टूम निघालीय, ती मला पटत नाही. रंग भडक करायचे, ठिपके घालवायचे, घडीची रेघ पुसायची. छापताना लाल रंग केसभर सरकलेला असेल तर तोही जागेवर आणायचा! मग जे दिसतं ते गोविंदने रंगवलेलं मूळ चित्रही नसतं आणि १९६५ मध्ये कल्याणच्या स्टॉलवर लटकलेला अंकही नसतो. कुणीही कधीच न पाहिलेलं तिसरंच काहीतरी. तुमच्याकडे जुना अंक असेल तर आधी आहे तस्सा स्कॅन करा आणि ती फाइल वेगळी ठेवा. आणि हात जोडून विनंती, सेलोटेप लावू नका. आज बरं दिसतं, दहा वर्षांनी टेप सुटते आणि तिच्याखाली तपकिरी डाग कायमचा उरतो.

गोविंद यांच्यापुरतं बोलायचं तर १९७६ मध्ये एक छान गोष्ट घडली. इंद्रजालने स्वतःचा भारतीय नायक आणला, बहादुर. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. डाकू भैरवसिंगचा मुलगा, ज्या पोलिस अधिकाऱ्याने बापाला मारलं त्यानेच वाढवलेला, आणि मोठेपणी डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं दल उभारणारा. काळही तसाच होता. चंबळच्या डाकूंनी १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने शस्त्रं खाली ठेवली होती, १९७५ मध्ये ‘शोले’ येऊन गेला होता. भगवा कुडता आणि जीन्स घातलेला बहादुर तेव्हा एकदम आजचा वाटायचा. दुसऱ्यांच्या नायकांना वरून रंग दिल्यावर आता आतली पानंही गोविंद यांची. बहादुरचे सुरुवातीचे अंक उघडले की एक वेगळंच समाधान मिळतं: कव्हरवरचा माणूस आत तोच निघतो. वेताळाच्या अंकात हे कधी व्हायचं नाही.

तरी माझं वैयक्तिक मत विचाराल तर बहादुर चित्रकथा म्हणून चांगला, कव्हर म्हणून मात्र जुना वेताळच भारी. त्यात एक सैलपणा होता. डेंकालीचं जंगल कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे गोविंदला हवं ते रंगवता आलं. (आबिद सुरती पुढे आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे रहिवासी. २००७ पासून त्यांनी दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचं काम चालवलं. बहादुरच्या निर्मात्याला शोभणारंच!)

सध्या मी पहिल्या पन्नासांतली उरलेली शोधतोय. मराठीच हवा असा हट्ट नाही, चित्र तेच असल्यामुळे गुजराती किंवा बंगाली अंकही चालतो. पण मराठी अंक मिळाला तर एक गोष्ट जास्तीची मिळते. लायब्ररीवाल्या दादांना शिक्का मारायला कव्हरइतकी छान मोकळी जागा दुसरी दिसायची नाही. त्यामुळे माझ्याकडच्या वेताळांपैकी एकाच्या कपाळावर जांभळ्या शाईत गोल शिक्का आहे, एकाच्या घोड्याच्या पोटावर ‘कान्या दुमडू नयेत’ असं लिहिलंय, आणि एकावर तर तीन वेगवेगळ्या लायब्रऱ्यांचे शिक्के एकावर एक, पहिला कल्याणचा, पुढचे दोन्ही डोंबिवलीचे. संग्राहकांच्या हिशेबात या अंकाला काडीची किंमत नाही. तिन्हीपैकी एकाही शिक्क्यावर फोन नंबर नाही. ‘स्टेशनजवळ’ एवढाच पत्ता.